फोर्कलिफ्टवरून टेलीहँडलरवर: आधी आत, मग खाली

चाकण-तळेगाव पट्ट्यात फोर्कलिफ्ट ऑपरेटर शोधायला कुणाला त्रास पडत नाही. एका गोदामातून दुसऱ्या गोदामात उड्या मारणारी पोरं कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटतात. टेलीहँडलर, म्हणजे लांब होणाऱ्या हाताला फोर्क लावलेलं मशीन, चालवणारा हवा असेल तर मात्र फोनवर फोन करावे लागतात, आणि समोरचा बऱ्याचदा म्हणतो, ''आहे की आपला माणूस, जेसीबी चालवतो.'' मी ज्या ठेकेदाराकडे होतो त्याला एका मोठ्या वेअरहाऊसचं काम मिळालं: लोखंडी शेड, शेजारी तीन मजली ऑफिस ब्लॉक, आणि आजूबाजूला नुसता भराव. तिथे टेलीहँडलर लागणार होता. ठेकेदार मला म्हणाला, ''तुला फोर्कलिफ्ट येते ना? मग ही पण फोर्कलिफ्टच. फक्त हात लांब आहे.'' आणि मला ट्रेनिंगला पाठवून दिलं.

दोन्ही मशीनला पुढे दोन फोर्क असतात आणि दोन्ही पॅलेट उचलतात, इथवर त्याचं बरोबर होतं. पण तो लांब हात आला की वजनाचा सगळा हिशेबच बदलतो, आणि फोर्कलिफ्टवर वर्षानुवर्षं बसून हाताला लागलेली एक चांगली सवय इथे जीव घेऊ शकते. कशी, ते सांगायला आधी फोर्कलिफ्टपासून सुरुवात करावी लागेल.

फोर्कलिफ्टचं गणित पुढच्या ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या चाकांच्या आसावर, उभं असतं. पुढे लोड, मागे बिडाचा जाडजूड ठोकळा, आणि मधे ॲक्सल. ३ टनी डिझेल गाडीचं स्वतःचं वजन सव्वाचार टनांच्या आसपास असतं. नेमप्लेटवर ३००० किलो लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, त्याच्या शेजारचे ५०० मिलिमीटर फार कुणी वाचत नाही. लोडचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच ते ३ टन खरे. लांबोडकी पेटी आली आणि मध्य एक मीटरवर गेला की तीच गाडी दोन टनांवर येते. पण एकदा हे जमवून लोड उचलला की पुढे मास्ट, म्हणजे फोर्क वर नेणारा उभा सांगाडा, सरळ वर जातो. लोड दोन मीटरवर असो की चार, ॲक्सलपासूनचं त्याचं अंतर जवळपास तेवढंच राहतं. उंचावर गाडी डुलते, टिल्ट, म्हणजे मास्ट पुढेमागे झुकवणं, जपून वापरावा लागतो, ते वेगळं. त्यामुळे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की काहीही गडबड वाटली तर लोड खाली घे. खाली म्हणजे सुरक्षित. एवढ्या वर्षांत याचा विचारही करावा लागत नाही, हात आपोआप लिव्हरवर जातो.

ट्रेनर खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले सुभेदार साहेब होते. आमच्या तुकडीत बहुतेक जण फोर्कलिफ्टवाले, एकदोघे हायड्रा क्रेनवाले, आणि एक बॅकहोवाला, म्हणजे लोक ज्याला जेसीबी म्हणतात ते खोदायचं मशीन चालवणारा. सगळ्यांचा डोळा मशीनवर. साहेबांनी चावी खिशात घातली आणि आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर बसवून प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. तो लोड चार्ट.

मशीन ४ टन, १७ मीटरच्या वर्गातलं होतं. या मशीनच्या नावातच बरंच लिहिलेलं असतं हेही तिथेच कळलं: जेसीबीच्या ५४०-१७० मध्ये ४० म्हणजे ४ टन आणि १७० म्हणजे साधारण १७ मीटर उंची. पण नावातले हे दोन आकडे एकत्र कधीच मिळत नाहीत, आणि तेच चार्ट दाखवतो. उभ्या बाजूला उंची, आडव्या बाजूला पुढच्या टायरपासूनची पोहोच, आणि मधे कमानीसारख्या रेषांनी पाडलेले पट्टे. प्रत्येक पट्ट्यात एक वजन. बूम, म्हणजे तो लांब हात, पूर्ण आत असताना ४ टन. स्टॅबिलायझर, म्हणजे जमिनीवर टेकवायचे पाय, लावून पूर्ण उंचीवर अडीच टनांच्या आसपास. आणि बूम आडवा करून साडेबारा मीटर पुढे काढला की अर्ध्या टनाच्या जेमतेम वर. त्याच मशीनचा, त्याच दिवशी, त्याच ऑपरेटरच्या हातात. स्टॅबिलायझर वर असतील तर चार्ट वेगळा आणि आकडे अजून कमी. फोर्कऐवजी जिब, म्हणजे हुकाचा दांडा, लावला तर पुन्हा तिसरा चार्ट.

साहेब गणितं घालायला लागले. स्लॅब नऊ मीटरवर, टायर भिंतीपासून तीन मीटर लांब, पॅलेट सव्वा टनाचं, बसतं का? बहुतेकांनी उंची नऊ, पोहोच तीन घेतली आणि आरामात बसतं असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, ''पॅलेट काय कठड्यावर ठेवणार आहेस? आत मीटरभर सरकवणार ना? आणि पॅलेटचा मध्य त्याच्या पुढे अजून अर्धा मीटर.'' म्हणजे तीनाचे साडेचार झाले. त्या गणितात तरीही बसत होतं, पण पुढच्या गणितात टायर भिंतीपासून सहा मीटरवर होते, मधे ड्रेनेजचा चर होता, आणि तिथे ते बसलं नाही. फोर्कलिफ्टवाल्याला ही सवयच नसते. आम्ही लोडच्या तोंडाशी जाऊन उभे राहतो, मधे अंतर नसतंच.

मग साहेबांनी प्रश्न टाकला. बूम बाहेर आहे, लोड हवेत आहे, आणि अलार्म वाजला. काय कराल? भोसरीचा एक जण, माझ्यासारखाच जुना फोर्कलिफ्टवाला, लगेच म्हणाला, ''लोड खाली घेईन.'' आम्ही बाकीच्यांनी माना हलवल्या. दुसरं काय करणार?

साहेबांनी कोपऱ्यातली पहार त्याच्या हातात दिली. म्हणाले, ''खालच्या टोकाला धर आणि उभी ठेव.'' त्याने ठेवली. ''आता हळूहळू आडवी कर. हात सरकवायचा नाही.'' अर्ध्यावर येईपर्यंत त्याचं मनगट थरथरायला लागलं, आणि आडवी व्हायच्या आत पहार टणकन जमिनीवर. पहारीचं वजन वाढलं नव्हतं. तिची लांबी वाढली नव्हती. त्याने फक्त ती खाली घेतली होती.

मग फळ्यावर आकडे आले. बूम बिजागरीपासून १४ मीटर बाहेर आणि ६० अंशांवर असेल तर लोड आडव्या अंतराने ७ मीटरवर असतो. तोच बूम तेवढाच लांब ठेवून ३० अंशांवर आणला तर लोड १२ मीटरवर जातो. फोर्कलिफ्टवर खाली घेताना लोड आहे त्याच रेषेत उतरतो, इथे तो पुढे पुढे जात उतरतो. म्हणून टेलीहँडलरवर क्रम उलटा: आधी बूम आत, मग खाली. अलार्म वाजला तरी आत. घाबरलात तरी आत. जोरात ओरडून कुणी ''खाली घे'' म्हणालं तरीही आधी आत. आयटीआयला असताना कोसाइनचा उपयोग काय असं मास्तरांना विचारणाऱ्यांपैकी मी होतो, उत्तर मिळायला इतकी वर्षं लागली.

केबिनमध्ये डोळ्यासमोर हिरवे, पिवळे, लाल दिवे असतात, त्याला एलएमआय, म्हणजे लोड मोमेंट इंडिकेटर, म्हणतात. लोड पुढे ओढायला लागला की मागच्या ॲक्सलवरचं वजन हलकं होतं, आणि तिथला सेन्सर तेच मोजत असतो. लाल दिवा लागला की नव्या मशीनमध्ये बूम बाहेर काढणं आणि खाली घेणं बंद पडतं, आत घेणं मात्र चालू राहतं. पण साहेबांनी एक गोष्ट बजावून सांगितली जी नंतर मला कुठल्याही सेल्समनच्या तोंडून ऐकायला मिळाली नाही: हे दिवे फक्त पुढे पडण्याचं सांगतात, आडवं पडण्याचं नाही. जमीन एका बाजूला उतरती असेल तर हिरवा दिवा हसत राहील आणि मशीन कुशीवर झोपेल. त्यासाठी केबिनमध्ये पाणसळीचा बुडबुडा असतो, आणि लोड वर न्यायच्या आधी चेसिस त्या बुडबुड्याप्रमाणे सरळ करून घ्यायची. लोड वर असताना हे कधीच करायचं नाही. एक अंशाचा कल म्हणजे किती, तर १७ मीटर उंचीवर लोड जवळजवळ ३० सेंटिमीटर बाजूला सरकतो.

चालवणं त्यामानाने सोपं गेलं. फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना तिची पाठ बाहेर फेकली जाते आणि नवीन माणूस रॅकचे खांब चेपतो. टेलीहँडलरला तीन पद्धती असतात: फक्त पुढची चाकं, चारही चाकं उलटसुलट, आणि चारही एकाच दिशेला, म्हणजे खेकड्यासारखी चाल. एका पद्धतीतून दुसरीत जाताना मागची चाकं सरळ करून घ्यावी लागतात, नाहीतर मशीन कायम तिरकं चालत राहतं. खरा त्रास उजव्या बाजूचा. केबिन डावीकडे, इंजिन उजवीकडे, आणि मधून तो जाडजूड बूम. बूम खाली असला की उजवीकडचं काही दिसत नाही. आरसे असतात, कॅमेरा असेल तर नशीब. फोर्कलिफ्टवर लोडने समोरचं झाकलं तर आम्ही रिव्हर्समध्ये जातो, पण इथे मान फिरवून उपयोग नाही. त्या बाजूला माणूस उभा असलाच पाहिजे, आणि तो मोबाइलवर बोलणारा नसावा.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते उंचावर पॅलेट ठेवून फोर्क बाहेर काढण्यात. बूम उचलला की लोड सरळ वर न जाता कमानीत जातो, वर जाता जाता आपल्याकडे येतो. म्हणून भिंतीपासून अंतर धरून उभं राहायचं, वर न्यायचं, आणि जेवढा लोड मागे आला तेवढा बूम बाहेर काढून भरून काढायचा. स्लॅबच्या वर आल्यावर कठड्याच्या सळ्यांना न लागता आत न्यायचं आणि टेकवायचं. टेकताना अजून एक गंमत होते. लोडच्या वजनाने बूम थोडा वाकलेला असतो, आणि पॅलेट टेकून वजन उतरलं की तो उसळून सरळ होतो. फोर्क आपोआप वर येतात आणि पॅलेटच्या वरच्या फळ्यांना लागतात. नवीन माणसाला वाटतं अजून टेकलंच नाही.

मग फोर्क काढायचे. फोर्कलिफ्टवर इथे रिव्हर्स टाकायचा आणि मागे यायचं, काम संपलं. इथे स्टॅबिलायझर जमिनीत रोवलेले, चाकं हलकी झालेली, मशीन मागे येणारच नाही. बूम आत घ्यावा लागतो. पण बूम तिरका आहे, त्यामुळे आत येताना फोर्क मागेही येतात आणि खालीही उतरतात. खालच्या फळीवर दाबले गेले की पॅलेट फोर्कबरोबर ओढलं जाऊन कठड्याकडे सरकायला लागतं, आणि खाली माणसं असतात. म्हणून आत घेताना किंचित वर घ्यायचं, दोन्ही हालचाली एकाच जॉयस्टिकवर, असं की फोर्क आडव्या रेषेत सरळ मागे येतील. फोर्कचा कोन मशीन स्वतःच आडवा राखतं, एवढीच मेहेरबानी. साहेबांनी त्यासाठी रिकाम्या पॅलेटवर पाण्याने काठोकाठ भरलेली बादली ठेवली होती. बादलीतलं पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. आमच्यातला बॅकहोवाला यात सगळ्यांच्या पुढे गेला, कारण त्याच्या हाताला दोन लिव्हर एकत्र हलवायची सवय होती. आम्ही फोर्कलिफ्टवाले एक हालचाल पूर्ण करून मगच दुसरी करायचो. सर्टिफिकेट सगळ्यांना मिळालं, पण साहेबांनी बॅकहोवाल्याचा हात जास्त वेळ हातात धरला.

साइटवर मशीन भाड्याने आलं. ट्रेलरवरून उतरवून मी केबिनमध्ये चढलो तर चार्टचं स्टिकर अर्धं फाटलेलं. नेमका उजवीकडचा, लांब पोहोचेचा भाग गायब. भाड्याने देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ''चार्टचं काय घेऊन बसलास, मशीन एकदम टकाटक आहे.'' मग व्हॉट्सॲपवर फोटो आला, तो दुसऱ्याच, लहान मॉडेलचा. सीरियल नंबर कळवून बरोबर चार्ट येईपर्यंत मी मशीन फक्त बूम आत ठेवून जमिनीवरच्या कामाला वापरलं. ठेकेदाराची चिडचिड झाली, कारण या मशीनचं भाडं फोर्कलिफ्टच्या काही पट असतं. चार्ट आला तो लॅमिनेट करून केबिनच्या काचेला लावला.

ते मावळातलं पावसाळी काम होतं. आमची फोर्कलिफ्ट त्या चिखलात दोन पावलंही गेली नसती. तिच्या पोटाखाली जमिनीपासून वीतभरही जागा नसते, पुढची दोनच चाकं ओढतात, आणि टायर लहान. टेलीहँडलरची चारही चाकं ओढतात, टायर ट्रॅक्टरसारखे मोठे, पोटाखाली दीड-दोन वीत मोकळी जागा. ही जातच चिखलाची आहे. फ्रान्समधल्या मानिटूने १९५८ मध्ये ट्रॅक्टरची बसायची दिशा उलटी करून त्याला मास्ट लावला आणि खडबडीत जमिनीवरची फोर्कलिफ्ट तयार केली. इंग्लंडमध्ये जेसीबीने लोडॉल १९७७ साली आणली, आणि तिकडचे शेतकरी आजही या मशीनने गवताचे गठ्ठे रचतात. आपल्याकडे ती शेतात न येता थेट साइटवर आली.

पण चिखलात चालते म्हणून चिखलात उभी राहून उचलते असं नाही. लोडसकट १४-१५ टन वजन स्टॅबिलायझरच्या दोन छोट्या पायांवर बऱ्यापैकी येतं. वरून कोरडा दिसणारा मुरमाचा भराव खाली काळ्या मातीवर असेल तर पाय हळूहळू रुततो, आणि रुततो तो एकाच बाजूचा. आम्ही रेल्वेचे जुने स्लीपर मिळवून पायांखाली घालायचो आणि प्रत्येक पॅलेटनंतर बुडबुडा पाहायचो. चर जवळ असेल तर चर जेवढा खोल तेवढं तरी लांब उभं राहायचं, हा साहेबांचा नियम मी सोडला नाही. त्यामुळे पोहोच वाढते, पोहोच वाढली की चार्टवर वजन कमी होतं, आणि मग पॅलेट अर्धं करावं लागतं. सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

पॅलेटचं वजन हाही एक वादाचा विषय. ऑफिस ब्लॉकच्या भिंतींना एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक लागत होते, ६०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचे. सुका ब्लॉक साधारण १५ किलोचा, पॅलेटवर ६० रचले की ९०० किलो. मालाच्या चलनावर हेच वजन असायचं. पण एएसी ब्लॉक पाणी पितो. उघड्यावर पावसात पडलेला ब्लॉक चार-पाच किलोंनी सहज वाढतो, म्हणजे ९०० किलोंचं पॅलेट बाराशेच्या घरात जातं. फोर्कलिफ्टवर हा फरक जाणवतही नाही, ३ टनी गाडीला बाराशे काय आणि नऊशे काय. नऊ मीटर उंच आणि सात मीटर पुढे असताना तीनशे किलो म्हणजे एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात. मी तळाचे दोन ब्लॉक वजनकाट्यावर ठेवून पाहायला सांगितलं तेव्हा स्टोअरवाल्याने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला, पण काटा पाहिल्यावर स्वतःच ताडपत्री मागवली.

एका दुपारी वरच्या स्लॅबवर मिस्त्री ब्लॉकसाठी थांबले होते आणि अलार्म वाजला. बूम आत घेतला, लोड खाली आणला, पॅलेट ठेवलं. सुपरवायझर धावत आला. या मशीनमध्ये एलएमआय तात्पुरता बंद करायची चावी असते, ती फिरवायला सांगत होता. ''वाजतंच रे ते. एकच तर पॅलेट आहे.'' मी म्हटलं, ''साहेब, अर्धे ब्लॉक उतरवून देतो, दोन फेऱ्या करतो.'' तो म्हणाला, ''मिस्त्री बसून राहतील.'' म्हटलं, ''बसू द्या. चावी तुम्हीच फिरवा आणि रजिस्टरमध्ये तुमच्या सहीने लिहा.'' रजिस्टरचं नाव काढलं की साइटवरचे बरेच वाद मिटतात.

असाच हट्ट इलेक्ट्रिशियनचा. शेडच्या कॉलमवर ब्रॅकेट लावायचा होता, सात-आठ मीटरवर. ''भैया, पॅलेट पे खड़ा कर दो, बस दो मिनट का काम है.'' फोर्कवर पॅलेट आणि पॅलेटवर माणूस, हे गोदामांतही सर्रास चालतं आणि तिथेही ते चूकच आहे. टेलीहँडलरला माणसांसाठीचा पिंजरा वेगळा मिळतो. तो फोर्कवर नुसता ठेवायचा नसतो, मशीनला जोडायचा असतो. त्याचा चार्ट वेगळा, आणि पिंजऱ्यातल्या माणसाच्या हातात स्वतःचा कंट्रोल. आमच्याकडे तो नव्हता. दुसऱ्या दिवशी माणसं वर नेणारी सिझर लिफ्ट आली. इलेक्ट्रिशियन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडलेलं काम म्हणजे पर्लिनचे, छताचे पत्रे ज्यांवर बसतात त्या लोखंडी पट्ट्यांचे, बंडल. आठ-आठ मीटर लांब, फोर्कवर आडवे. फोर्कलिफ्टने ते दोन कॉलममधून न्यायचे तर आधी माणसं लावून बंडल फिरवा, मग घुसवा, मग परत फिरवा. मी मशीन कॉलमच्या रांगेला समांतर उभं करायचो, खेकड्याची चाल लावायचो आणि बंडल तसंच तिरकं तिरकं सरकत जागेवर जायचं. सोबत दोन्ही टोकांना दोरी धरलेली दोन माणसं. छताचे पत्रे मात्र मी उचलले नाहीत. लांब पत्र्यात वारा भरला की तो शीड होतो, आणि मावळात दुपारनंतरचा वारा कसा असतो ते तिथल्या माणसाला सांगायला नको. ते काम क्रेनने, सकाळी लवकर झालं.

आता फोर्कलिफ्टची बाजू. शेडमध्ये ट्रिमिक्सची, म्हणजे पाणी शोषून घट्ट केलेल्या काँक्रीटची, फ्लोअर पडली आणि माझं मशीन आत घ्यायला मनाई झाली, ती योग्यच होती. रिकामं असतानाच बारा टनांचं मशीन, चिखलाचे टायर, आणि आत वळायला जागा हवी ती वेगळी. फोर्कलिफ्ट आपल्या लांबीच्या आसपासच्या जागेत गर्रकन वळते. रॅकच्या साडेतीन-चार मीटरच्या गल्लीत ती काम करते तिथे टेलीहँडलरचं तोंडही नीट शिरणार नाही. सपाट, पक्क्या जमिनीवर एकाच उंचीचे शेकडो पॅलेट हलवायचे तर टेलीहँडलर वापरणं म्हणजे पैसे उडवणं. काही ठेकेदार दोन्हींत एकच मशीन घ्यायचं म्हणून टेलीहँडलरवर सगळं ढकलतात, आणि मग आतल्या कामाला वेळ लागतो म्हणून ऑपरेटरवर ओरडतात. जमीन कच्ची की पक्की, आणि लोड तोंडाशी जाऊन ठेवता येतो की लांबून, हे दोन प्रश्न आधी विचारले तर कुठलं मशीन हवं ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

रॅकिंगवाले आले तेव्हा त्यांच्यासोबत दोन बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट आल्या. त्यातली एक चालवणारा माझ्या जुन्या गोदामातलाच निघाला. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या केबिनमध्ये चढून बसला, जॉयस्टिक हलवून पाहिली, काचेवरचा चार्ट वाचला आणि पहिला प्रश्न पगाराचा विचारला. फोर्कलिफ्टपेक्षा बराच बरा आहे, हे मी त्याला खरं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात माझं मशीन सोलापूरकडच्या सोलरच्या कामावर जायचं होतं, तिथे पॅनलच्या पेट्या उतरवायच्या आहेत. बूम पूर्ण आत, स्टॅबिलायझर वर, मागची चाकं सरळ करून मी ते लो-बेड ट्रेलरवर चढवलं आणि साखळ्या बांधायला ट्रेलरवाल्याच्या ताब्यात दिलं.